आमच्या विभागाचं डिस्टिल्ड वॉटर

रसायनशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून मी सहा वर्षं दर महिन्याला चार खोट्या व्हाउचरांवर सह्या केल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी कुणाला फार सज्जन वाटायला नको. व्हाउचरवर लिहिलेलं असायचं, डिस्टिल्ड वॉटर, इतके लिटर, इतके रुपये. आणि ते पैसे जायचे आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मावशींना. पगार म्हणून. पण कॉलेजच्या कुठल्याही कागदावर मावशींचं पद नव्हतं, म्हणून पगारही नव्हता, म्हणून पाणी.

ही युक्ती माझी नव्हे. आमचा जुना प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाला, त्याची जागा भरायला परवानगी आली नाही, आणि येणारही नाही हे सगळ्यांना कळलं, तेव्हा माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनी ती काढली. विभागाला किरकोळ खर्चासाठी थोडी रोख रक्कम मिळे. दोन हजारांपर्यंत दुकानाचं बिल लागत नसे. पैसे घेणाऱ्याची सही आणि विभागप्रमुखाची सही, बस्स. आता हे पैसे दाखवायचे कुठे? विभागाच्या बजेटात मजुरीचं हेडच नव्हतं. काचसामान, रसायनं, गॅस, स्टेशनरी आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढीच हेडं. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देताना सर म्हणाले होते, "काच दाखवली तर काच मोजायला येतात. ॲसिड दाखवलं तर बाटली मागतात. पाणी संपून जातं, मॅडम. त्याचं कोणी काही विचारत नाही."

मी तेव्हा हसले होते. माझे वडील ट्रेझरीत कारकून होते आणि ऑफिसातली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. त्यांच्या मुलीनं हसायला नको होतं, पण समोर मावशी बीकर धूत उभ्या होत्या आणि महिन्याची सात तारीख होती. मी सही केली. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा करायला काहीच वाटत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात तर मी गप्पा मारता मारता करत होते.

शिवाय मनाची समजूत घालायला एक गोष्ट होतीच. मावशी खरोखरच पाणी करत. सकाळी साडेसातला येऊन त्या पहिल्यांदा काचेचं जुनं ऊर्ध्वपातनाचं यंत्र लावत, खाली बर्नर, वर नळाचं पाणी, आणि दहापर्यंत पाचेक लिटर स्वच्छ पाणी बाटलीत जमा होई. व्हाउचरवर जेवढं दाखवत होतो त्याच्या पासंगालाही ते पुरलं नसतं. तरी 'पाणी पुरवणाऱ्याची सही' या ओळीवर त्या आपलं नाव लिहीत तेव्हा मी स्वतःला सांगत असे की अगदीच खोटं नाही हे.

मावशी नागपूरच्या गोळीबार चौकाच्या बाजूच्या. सासऱ्यांचे हातमाग होते, ते भंगारात गेले, आणि नवरा कळमन्याच्या बाजारात पोती उचलायला जाऊ लागला. माझ्याहून त्या दोन वर्षांनी लहान, पण मुलं मावशी म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. कुठल्या ब्युरेटचा कॉक गळतो, कुठल्या बाकाचा गॅस मंद येतो, हे त्यांना पाठ होतं. टायट्रेशनला बसलेल्या मुली माझी नजर चुकवून त्यांना विचारत, "मावशी, गुलाबी झालं का?" आणि मावशी लांबूनच सांगत, "झालं वं, थांब आता. आणखी एक थेंब गेला का मॅडम मार्क कापते." मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. ज्या गुलाबी रंगाला मावशी थांब म्हणत तो बरोबर असे.

मुलं रीडिंग 'मॅनेज' करतात. म्हणजे ब्युरेट न बघता पुस्तकातल्या उत्तरावरून आकडा लिहून टाकतात. यावर माझा फार राग. मी जर्नल फेकलेली आहेत. वर्गात उभं करून विचारलेलं आहे की हा आकडा कुठून आला, दाखव. आता आठवलं की माझे मलाच कान गरम होतात.

मागच्या संक्रांतीनंतर कॉलेजात नवीन लेखाधिकारी आले. तिशीतला मुलगा, एका कंपनीतून आलेला, बोलायला मऊ, आणि डोळे मात्र कागदावरून हलायचे नाहीत. त्यानं प्रत्येक विभागाला एक तक्ता पाठवला. दर हेडचा तीन वर्षांचा महिनावार खर्च, पुढे मंजूर रक्कम, पुढे झालेला खर्च, पुढे फरक, आणि शेवटच्या रकान्यात 'फरकाचे कारण'. खर्च वाढला की घर आपोआप लाल होई. मी कॉम्प्युटरवर तो तक्ता उघडला आणि बघते तर आमच्या बाकीच्या ओळी पांढऱ्याशुभ्र आणि डिस्टिल्ड वॉटरची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी परत नेला. आणि पुढचे दोन महिने बरेचदा तसाच नेला.

लाल होण्याचं कारण मला चांगलं माहीत होतं. दर जुलैत आम्ही मावशींना थोडे पैसे वाढवत होतो, म्हणून दर जुलैत रसायनशास्त्र विभागाची तहान वाढत होती. दिवाळीला एक महिन्याचे जास्त देत होतो, म्हणून दिवाळीच्या सुटीत विभाग दुप्पट पाणी पीत होता. आणि मे महिन्यात प्रयोगशाळेला कुलूप असलं तरी मावशींच्या घरची चूल काही सुटीवर जात नाही, म्हणून मे महिन्यातही पाणी बरोबर तेवढंच. सरांनी आणि मी मिळून एका बाईचं वर्ष पाण्यात लिहून ठेवलं होतं, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे लिहिलं होतं की कुणीही वाचावं.

मी कारणं लिहिली. जुलैसाठी 'विद्यार्थीसंख्येत वाढ'. दिवाळीसाठी 'साफसफाई'. मे महिन्याच्या रकान्यासमोर मी एक आख्खी दुपार बसले आणि तो रिकामा सोडून तक्ता पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ते नवे अकाउंट्सचे साहेब स्वतः विभागात आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, मे मध्ये तर कॉलेज बंद राहते. मग हे पाणी कुठे गेलं?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी मी, त्या मुलाकडे बघून म्हणाले, "नागपूरचा मे महिना आहे. बाष्पीभवन होतं."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. बाष्पीभवन. बंद कॅनमधल्या पाण्याचं. मावशी तेव्हा मागे टेस्ट ट्यूबांचं स्टँड पुसत होत्या, त्यांचा हात एक क्षण थांबला एवढं मला दिसलं. साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, काही गडबड हाये का?"

"नाही हो, नेहमीचं आहे."

"तुमी डबा खाऊन नाही राहिल्या दोन दिवस झाले. मी पाहून राहिली."

मी म्हटलं ॲसिडिटी आहे. तीही होतीच.

फेब्रुवारीच्या शेवटी खर्चाच्या आढाव्याची बैठक झाली. सगळे विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचे सचिव. साहेबांनी पडद्यावर एकेक विभाग दाखवला. माझा आला तेव्हा फिजिक्सचे सर मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, पाणी बाहेर विकता की काय तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, आता कळलं. आता साहेब व्हाउचरांचा गठ्ठा टेबलावर ठेवतील.

तसं काही झालं नाही. साहेबांना संशय आलेलाच नव्हता. ते भले गृहस्थ, त्यांनी आमचा आकडा खरा धरला होता आणि त्यावर मनापासून उपाय शोधून आणला होता. पाणी शुद्ध करायचं विजेवर चालणारं यंत्र. पडद्यावर त्याचं चित्र आलं, शेजारी किंमत, शेजारी आमचा वर्षाचा पाण्याचा खर्च. वर्षाच्या आत यंत्राचे पैसे वसूल. सचिव खूश झाले. म्हणाले, असा विचार प्रत्येक विभागात व्हायला हवा. एप्रिलपासून डिस्टिल्ड वॉटरच्या हेडवर शून्य, असं ठरलं, आणि त्याचबरोबर हेही ठरलं की यापुढे रोखीची व्हाउचर बंद, पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात.

"चालेल ना, मॅडम?" प्राचार्यांनी विचारलं.

तिथे बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की सर, हे पाणी नाही, हा एक माणूस आहे, बैठक झाल्यावर मला पाच मिनिटं द्या. कुणी मला फाशी दिली नसती. कदाचित सचिव थोडे ओरडले असते. पण त्या क्षणाला मला फक्त एवढंच कळत होतं की पकडली गेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, "चालेल."

मावशींना हे सांगायला मी चार दिवस घेतले. रोज सकाळी ठरवून जायची आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी यंत्राबद्दलच विचारलं. किती पाणी देते, बिजली किती खाते. मग म्हणाल्या, "बरं. पण ते मशीन ब्युरेट धुऊन देते का?"

मी म्हटलं, मी काहीतरी करते. त्यांनी मान हलवून "हाव" म्हटलं. सहा वर्षांत मी केलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्यांना विश्वास होता.

आणि खरंच, मार्गच चालून आल्यासारखं झालं. मार्चच्या मधल्या आठवड्यात नोटीस निघाली. एप्रिलपासून सफाई कामगार आणि मदतनीस एका एजन्सीमार्फत घेणार, मात्र जे पाच वर्षांहून जास्त काळ कॉलेजात काम करताहेत त्यांना आधी घेणार. विभागप्रमुखांनी शनिवारपर्यंत नावं द्यावीत, सोबत कामाचा पुरावा जोडावा. मावशींनी नोटीसबोर्डावरून फोनमध्ये फोटो काढून आणला होता.

"मॅडम, यात आपलं बसते ना? मले तं नऊ वर्षं झाले."

"बसतं."

"आणि हे पीएफ लिहिलं हाये इथं, हे म्हातारपणी भेटते तेच ना?"

"तेच."

त्या फोन पुन्हा पुन्हा बोटानं मोठा करून वाचत होत्या. मी मात्र दुसराच शब्द बघत होते. पुरावा. हजेरीपट नाही, नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्र नाही. नऊ वर्षांचा पुरावा म्हणजे माझ्या कपाटातल्या व्हाउचरांच्या स्थळप्रती, आणि त्या एकमुखानं सांगत होत्या की या बाई कॉलेजला पाणी विकतात. आम्ही त्यांच्यावर उपकार करतोय असं आम्हाला वाटत होतं. दर महिन्याला चार सह्या करून आम्ही त्यांची नोकरी खोडत होतो.

आता एकच उपाय होता. मी लेखी द्यायचं की ही व्हाउचर खोटी आहेत, हे पैसे पगाराचे होते, आणि हे सहा वर्षं मी जाणूनबुजून केलं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, वसुली निघते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलेलं होतं. घरी यजमानांना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, कागदाची भीती त्यांना माझ्याहून जास्त. ते कूलरला नवी खस बांधत होते. म्हणाले, "तू चोरी केली नाहीस हे मला माहीत आहे. पण कागद तसं म्हणत नाही. दोन वर्षं राहिलीत, गप्प बस." मी त्यांच्यावर भयंकर चिडले. जेवलेसुद्धा नाही त्यांच्यासोबत. आज कळतं की राग त्यांच्या सल्ल्याचा नव्हता. मला जे हवं होतं ते त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवलं, त्याचा होता.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते माझं मलाच आठवत नाही. भाजीत दोनदा मीठ घातलं. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घेतली आणि दुपारभर चक्कर. प्रात्यक्षिकाला एका मुलीनं रीडिंग मॅनेज केलं म्हणून मी तिला इतकी बोलले की ती रडायला लागली. "मॅडम, एकच तर रीडिंग होतं," ती म्हणाली. मावशी तिला पाणी द्यायला घेऊन गेल्या.

नावं द्यायची होती ती यादी मी शुक्रवारीच पाठवली. मावशींचं नाव लिहिलं, कामाची वर्षं नऊ लिहिली, पुराव्याचा रकाना रिकामा ठेवला. रिकामे रकाने ठेवण्यात माझा हात बसला होता. पण त्यासोबत शुक्रवारी संध्याकाळी मी ते पत्रही लिहिलं. अर्धं पान. कुठल्याही सबबी नाहीत, सरांवर ढकललेलं नाही. सही करून घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी सकाळी मी मावशींना वजनकाट्यांच्या बॅलन्स रूममध्ये बोलावलं, दार लोटलं आणि पत्र वाचून दाखवलं. त्यांनी उभ्यानं ऐकलं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "एवढं लिहून दिलं तं तुमाले काही होणार नाही ना, मॅडम?"

यावर 'नाही' एवढंच म्हणायचं असतं. मी म्हटलं, "होऊ शकतं. माझी पेन्शन अडकू शकते." आणि वर आणखी सांगत बसले, चौकशी कशी लागते, वसुली कशी होते, कुणाची सात वर्षं कशी चालली. मी त्यांना हे सगळं का सांगितलं? त्या घाबराव्यात म्हणूनच सांगितलं असणार. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं मी मन मोकळं करते आहे.

मावशी म्हणाल्या, "बापा." एवढंच.

साडेअकराला प्राचार्यांच्या शिपायानं निरोप आणला. मला आणि मावशींना दोघींना बोलावलं होतं. जिन्यावरून जाताना मी पर्स पोटाशी धरली होती. त्या माझ्या मागून दोन पायऱ्या सोडून येत होत्या.

आत प्राचार्य होते आणि अकाउंट्सचे साहेब. मला बसायला सांगितलं, मावशी दाराजवळ उभ्या राहिल्या. मी त्यांनाही बसा म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही. साहेबांच्या समोर माझी यादी होती आणि शेजारी आमच्या विभागाच्या व्हाउचरांची फाईल उघडी होती. ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही यादीत मदतनीस म्हणून हे नाव दिलं आहे, पुरावा जोडला नाही. मी शोधायला गेलो तर हेच नाव मला पाणी पुरवणाऱ्यांमध्ये दिसलं. सगळ्या व्हाउचरांवर. ही एकच व्यक्ती आहे का?"

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं की त्यांना कळलेलं आहे. सगळं नसेल, पण बरंच. आणि ते पकडायला नव्हते बसले, ते मला दार उघडून देत होते. मी पर्सच्या चेनवर हात ठेवला. चेन उघडायची, कागद काढायचा, टेबलावर ठेवायचा. एवढंच काम होतं. माझी बोटं चेनवर होती आणि मी मोजत होते. दोन वर्षं. चोवीस महिने. मुलीचं लग्न. घराचे हप्ते तर संपले होते, तरी मी तेही मोजले.

किती वेळ गेला कोण जाणे. प्राचार्य खुर्चीत हलले आणि म्हणाले, "मॅडम?"

"हाव जी, साहेब," मागून मावशींचा आवाज आला. "मीच हावो. मी पाणी देत होती कॉलेजले. घरून नाही, इथंच करत होती, सकाळी."

"म्हणजे तुम्ही कामाला नव्हत्या? फक्त पाणी?" प्राचार्यांनी विचारलं.

"फक्त पाणी, जी."

"मग प्रयोगशाळेत दिवसभर असता ते?"

"बसून राहते अशीच. घरी का करू?"

प्राचार्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "त्या म्हणतात ते बरोबर आहे. यादीत माझ्याकडून चूक झाली."

त्यांनी पेन घेऊन यादीतलं ते नाव खोडलं. एक सरळ रेघ, पट्टी न लावता. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला चक्क भूक लागली.

बाहेर आल्यावर मावशी पुढे चालत होत्या. मधल्या सुटीची घंटा व्हायची होती, व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी त्यांना जिन्यापाशी गाठलं. म्हटलं, "मावशी, असं काय केलंत तुम्ही? मी देणारच होते ना पत्र. काहून बोललात मध्येच?"

त्या थांबल्या. माझ्या पर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "मी थांबली होती ना, मॅडम. लई वेळ थांबली. तुमचा हात त्या चेनवरच होता. तुमी कागद काढूनच नाही राहिल्या, तं म्हटलं आता आपणच काहीतरी बोलून टाकाव."

मग त्या बर्नर बंद करायला गेल्या. तो चालूच राहिला होता.